मानवेलच्या ब्रेकची खरी गोष्ट

मानवेल,

आधी तुझ्या मयतातली माझी फजिती सांगतो, म्हणजे तुझा चेहरा जरा सैल होईल. तुमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांच्या हातात गीतांची पुस्तकं होती, माझ्याही हातात कुणीतरी एक दिलं. शेवटचं गीत कुठे थांबवायचं हे तुमच्या सगळ्या लोकांना माहीत होतं, मला नव्हतं. पुस्तकात अजून एक कडवं छापलेलं दिसत होतं, म्हणून मी ते सुरू केलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज त्या शांततेत दीड ओळ एकटाच चालला. फादरांनी मान वर केली. तुझी धाकटी लेक रडता रडता हसली आणि मग जास्तच रडली. तू असतास तर पुढची पाच वर्षं मला ते कडवं म्हणायला लावलं असतंस.

आता बस. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी तुझ्यासमोर निदान पन्नासदा सांगितली असेन, आणि पन्नासही वेळा खोटी सांगितली.

तुझ्या मोटारसायकलची गोष्ट. तुझ्या ब्रेकची.

तू मला 'सर' म्हणायचास आणि लगेच 'अरे-तुरे' करायचास. 'सर, तू जरा गप्प बसशील का?' हे वाक्य वसईच्या होळी गावातल्या तुझ्या वाडीत मी जितक्या वेळा ऐकलं तितकं माझ्या बायकोनेही म्हटलं नसेल. शाळेचा पाण्याचा पंप बिघडला म्हणून मुख्याध्यापकांनी तुला नालासोपाऱ्याला बोलावलं होतं, तेव्हाची आपली ओळख. तू मस्कतच्या वर्कशॉपचा पहिला करार संपवून आलेला फिटर, मी नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवणारा आणि उरलेल्या वेळात नाटकं बसवणारा. पंप तासाभरात झाला. आपण तिथेच पायरीवर बसून संध्याकाळ केली. जाताना तू म्हणालास, रविवारी वाडीत ये, तुला एक म्हातारी दाखवतो.

म्हातारी म्हणजे ती जपानी मोटारसायकल. चार सिलिंडरची, सत्तर सालच्या आसपासची, गोदीतल्या लिलावात तू उचललेली. तेव्हा आपल्याकडे पुढच्या चाकाला डिस्क असलेली गाडी बघायला माणसं सायकली थांबवायची. तुझी गाडी तर थांबलेलीच होती. चाकाची ती चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो भाग असतो, कॅलिपर, तो आतून गंजून धरला होता. त्यातल्या दोन पिस्टनभोवतीच्या रबराच्या रिंगा खडूसारख्या ठिसूळ झाल्या होत्या. नव्या मिळायच्या कुठे? जपानमध्ये. तू हसत म्हणालास, माझा व्हिसा मस्कतचा आहे, जपानचा नाही.

मस्कतचा दुसरा करार आला होता. पाच वर्षांचा, फोरमनचा. मेडिकल आणि तिकीट तेवढं बाकी होतं. जाण्याआधी म्हातारीला एकदा राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत न्यायची आणि बायकोला, आमच्या रजीन वहिनींना, मागे बसवून परत यायचं, एवढाच तुझा हट्ट.

रिंगा मी शोधून आणल्या. हे मात्र खरं आहे, या गोष्टीत माझं खरं असं एवढंच. वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये एक रबरवाला मला सापडला. जुनी रिंग बघून त्याने साचा केला आणि चार रिंगा काढून दिल्या. माणूस सरळ होता. देताना म्हणाला, "सर, हे इंजिन ऑइलला टिकणारं रबर आहे. ब्रेकचं ऑइल वेगळं असतं. त्यात टाकून बघा आणि मगच बसवा."

मी तुला ते जसंच्या तसं सांगितलं. तू मान डोलावलीस. तुझ्या कामाची पद्धत तशीच होती. कुणी सांगितलं म्हणून तू काही बसवत नव्हतास. जॅमची रिकामी बाटली आणलीस, दोन इंच ब्रेक ऑइल ओतलंस आणि मला म्हणालास, मला आठ दिवस मुंबईला बहिणीकडे राहायचंय, कागदपत्रं आणि ट्रेड टेस्ट आहे, तोवर हे तुझ्याकडे. एक रिंग तेलात, एक कोरडी, आणि रोज एकावर एक ठेवून बघायचं. "केसाएवढा फरक पडला तरी चारही फेकून द्यायच्या. मी नाराज होणार नाही. समजलं ना?"

समजलं होतं, मानवेल. रबर, द्रावक, फुगणं, हे तर माझंच खातं. फळ्यावर दरवर्षी शिकवतो.

पण त्या आठवड्यात स्नेहसंमेलन होतं. मी दिग्दर्शक, मीच राजा, आणि प्रधानाला गालगुंड झालं म्हणून पहिल्या अंकात प्रधानही मीच. बाटली घरी कपाटावर राहिली आणि रिंगा पिशवीत. मला त्याची आठवण झाली तू परत येणार होतास त्या सकाळी, दाढी करताना. मी अर्ध्या साबणाच्या तोंडाने जाऊन एक रिंग तेलात टाकली. तू अकरा वाजता आलास.

मी तुला खरं सांगू शकलो असतो. विसरलो, अजून आठ दिवस दे, एवढं एक वाक्य होतं. तू शिव्या दिल्या असत्यास आणि थांबला असतास. पण तुझं तिकीट तीन आठवड्यांवर आलं होतं, तुझा चेहरा उजळलेला होता, आणि मी तर अजून रंगभूमीवरच होतो. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला चिमटा काढला. सोनारासारखा. रिंग बाटलीतून वर काढली, फडक्यावर टिपली, कोरड्या रिंगवर ठेवली आणि तुझ्याकडे बघून भुवई उडवली. तंतोतंत. तीन तासांत दुसरं काय होणार होतं?

"आठ दिवस?" तू विचारलंस.

"आठ दिवस," मी म्हणालो.

तू म्हणालास, तू केमिस्ट्रीवाला, तुझा शब्द म्हणजे झालं. आणि माझ्या पाठीत थाप मारलीस.

त्या दुपारचं तुझं काम मी विसरणार नाही. पिस्टन घासून चकचकीत केलेस. रिंग बसते ती खाच तू बांबूच्या कामटीने साफ केलीस, लोखंड लावू दिलं नाहीस, ओरखडा पडेल म्हणून. रिंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटाने खाचेत फिरवत नेलीस, जशी आई बाळाच्या मनगटात बांगडी घालते. पिस्टन दोन अंगठ्यांनी सरळ आत दाबलास. कुठे जबरदस्ती नाही. मला म्हणालास, जोर लावावा लागला की समजायचं आपलं काहीतरी चुकलंय. मग ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायची वेळ आली. मी मूठ दाबणार, तू खालचा स्क्रू सैल करणार, नळीतून बुडबुडे येणार. दाब, धर, सोड. मी त्याचंही नाटक केलं, प्रत्येक 'धर'ला असा चेहरा की जणू तोफ डागतोय. तू हसून हसून स्क्रू घट्ट करायला विसरलास आणि ऑइल माझ्या पँटवर उडालं.

त्याच दुपारी एक छोटीशी गोष्ट घडली, जिने पुढे माझी सोय केली. कॅलिपर बाहेरून पुसायला तू रॉकेलचं फडकं घेतलं होतंस. ते चुकून आतल्या भागाला लागलं. तू चरकलास. लगेच कोरड्या कापडाने पुसलंस, ब्रेक ऑइलने धुतलंस, तरी चार वेळा म्हणालास, रॉकेल लागायला नको होतं.

बारा दिवस गाडी उत्तम चालली. तेराव्या दिवशी रविवार होता.

रजीन वहिनींना तू नेणार होतास, पण धाकटीला ताप होता म्हणून त्या राहिल्या. तू एकटाच पुढे, मी माझ्या स्कूटरवर मागे. राजोडीच्या अलीकडे मला जळका वास आला. तुझ्या पुढच्या चाकाशी निळसर धूर दिसला. मला वाटलं, तू मला दाखवायला काहीतरी करतोयस. मी हॉर्न वाजवून दाद दिली. ही दाद मला अजून ऐकू येते. पुढच्या वळणावर किनाऱ्यावरून उडालेली रेती रस्त्यावर पसरली होती. तिथे तुझं पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी नाही थांबली.

तू खाली आणि ती तुझ्या गुडघ्यावर. मासे सुकवत बसलेल्या बायका धावल्या. "पानी आना, पानी," असं एक म्हातारी ओरडत होती. कुणीतरी कळशी घेऊन आलं आणि घाईत आधी चाकावर ओतलं. चकती चर्र करून वाफाळली. तुझा मोठा भाऊ पास्कल टेम्पो घेऊन येईपर्यंत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तू शुद्धीवर होतास. तू विचारत होतास, सुटलं का चाक? यापुढे काय सांगायचं, हे मी तेव्हाच ठरवत होतो. तुझं डोकं मांडीवर घेऊन.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी तू मला जवळ बोलावलंस. पलंगाच्या पायाशी वहिनी थर्मास घेऊन उभ्या होत्या. मस्कतच्या मेडिकलचं आता काय होणार हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

"सर, खरं सांग. ते रॉकेलचं फडकं लागलं होतं. तेवढ्याने रबर फुगेल का रे?"

त्या रबराला रॉकेलने काहीही होत नाही, मानवेल. इंजिन ऑइल पचवणारं रबर ते, रॉकेल त्याला पाण्यासारखं. त्याला फुगवलं ब्रेकच्या ऑइलने, रोज थोडं थोडं. पिस्टन मागे सरकेना, पॅड चकतीला घासत राहिले, चकती तापली, तापल्यावर ऑइल फुगलं आणि त्याने ब्रेक आणखी दाबला. आठ दिवस बाटलीत ठेवली असती तर ती रिंग कोरडीपेक्षा केसाने नाही, चांगली नखभर रुंद दिसली असती. हे सगळं मला त्या क्षणी फळ्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं.

मी म्हणालो, "फुगू शकतं."

वहिनींनी थर्मास खाली ठेवला आणि त्या बाहेर निघून गेल्या.

बाटलीतलं खोटं घाईचं होतं, ते मी कसंबसं गिळलं. हे दुसरं गिळवत नाही. ते मी सावकाश, तुझ्या डोळ्यांत बघून बोललो.

गुडघा कायमचा ताठ राहिला. करार दुसऱ्याला गेला. तू वाडीच्या तोंडाशी पंप दुरुस्तीचं दुकान टाकलंस आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगत बसलास की रबराजवळ रॉकेल नेऊ नका, माझ्याकडे बघा. लोक विचारायचे, काय झालं होतं? तू म्हणायचास, सरांना विचारा, ते छान सांगतात.

आणि मी छान सांगायचो, हेच तर. बारशाला, साखरपुड्याला, नाताळला, तुझ्या अंगणात खुर्च्या गोल मांडल्या की पास्कल ओरडायचा, "सर, आमच्या रॉकेलवाल्याची गोष्ट होऊ द्या." मग मी उठायचो. तुझी चाल करायचो, तुझं फडकं करायचो, गाडीचा आवाज तोंडाने काढायचो. रॉकेलचा थेंब आत पडतो तिथे थांबायचो, डोळे मोठे करायचो, आणि सगळे एकदम हसायचे. सर्वांत मोठ्याने तू. वहिनी त्या वेळी हटकून आत काहीतरी आणायला गेलेल्या असायच्या. मला वाटायचं, ऐकून कंटाळल्या असतील.

आपला एक वाद मात्र शेवटपर्यंत राहिला. तुला कॅलिपर उघडून बघायचा होता. म्हातारी तशीच शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, पुढचं चाक जाम झालेलं. तू म्हणायचास, एकदा उघडू, ती कोरडी रिंग आहे ना तुझ्याकडे, ती रॉकेलमध्ये टाकून बघू किती फुगते, माझ्या मनाचं समाधान. मी म्हणायचो, कशाला उकरतोस, जे झालं ते झालं, गाडी विकून टाक. तू चिडायचास. एकदा तर, तू मास्तर आहेस की भटजी, असंही म्हणालास, प्रयोग करायला घाबरतोस. कोरडी रिंग हरवली असं मी सांगितलं होतं. ती मी नालासोपाऱ्याच्या गटारात टाकली होती, अपघातानंतरच्याच आठवड्यात.

आणि आता जे लिहितोय ते लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू मस्कतला गेला असतास तर पाच वर्षांनी सुट्टीवर आलेला, अत्तर लावलेला, घाईतला मानवेल मला भेटला असता, कदाचित. त्याऐवजी मला दर रविवारी तू मिळालास. केळीच्या पानावरचं जेवण, तुझ्या हातची करपलेली सुकट, दुकानातल्या बाकड्यावर दुपारचा डुलका. माझ्या नाटकांना तू ताठ पाय मधल्या वाटेत पसरून बसायचास आणि चुकीच्या जागी हसायचास. मी या सगळ्याबद्दल मनातल्या मनात आभार मानलेत. तुझ्या मोडलेल्या पायाचे आभार. असा मित्र होता तुला.

तुझ्यानंतर तीन आठवड्यांनी वहिनींनी निरोप पाठवला. शेड रिकामी करायची आहे, पण गाडी हलत नाही, तुम्हाला तेवढं चाक सोडवता येईल का?

मी गेलो. तुझीच हत्यारं घेतली. वहिनी दारात पाटावर बसल्या. कॅलिपर सुटा झाला, पण पिस्टन निघेना. शेवटी वळवून वळवून निघाला तेव्हा ती रिंग दिसली. खाचेतून बाहेर आलेली, जाड, मऊ, भिजलेल्या पावासारखी. बोटाने दाबली तर काळं बोटाला लागलं.

वहिनी म्हणाल्या, "हेच ना ते? रॉकेलने फुगलेलं?"

मी रिंग फडक्याने पुसत राहिलो. त्याच पुढे बोलत गेल्या, माझ्याकडे न बघता. म्हणाल्या, मी त्यांना यावरून फार बोलले हो सर. लोकांसमोर नाही, घरात. पोरींच्या फीच्या वेळी, छप्पर गळायला लागलं तेव्हा. एक फडकं सांभाळता आलं नाही तुम्हाला, असं. ते ऐकून घ्यायचे. म्हणायचे, खरंय तुझं. शेवटच्या आठवड्यातही मी एकदा बोलले. मला काय माहीत शेवटचा आहे म्हणून.

मानवेल, हे मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं तू ते हसून दाखवत होतास आणि आत गेल्यावर ऐकून घेत होतास. माझ्या वाटणीचं.

मग मी सांगितलं. बाटली, दाढी, चिमटा, तीन तास, इस्पितळ. अभिनय केला नाही. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली रिंग घेतली, बघितली आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवली.

मग म्हणाल्या, "रविवारी देवळात त्यांच्या महिन्याची मिस्सा आहे. नंतर सगळे अंगणात बसतील. पास्कलभाऊ तुम्हाला गोष्ट सांगायला सांगतील. तेव्हा ही सांगा."

मी म्हणालो, वहिनी, तुम्ही सांगा, मी समोर बसतो.

"नाही. ती खोटी तुम्ही सांगितलीत ना? मग हीही तुम्हीच. आणि हसवू नका."

काल रविवार झाला. मिस्सेनंतर खुर्च्या गोल मांडल्या. चहा फिरला. पास्कल म्हणाला, सर, मानवेलला आवडायची ती होऊ द्या, त्यालाही बरं वाटेल. मी उठलो. सवय अशी की उभा राहिल्याबरोबर दोघं-तिघं हसायलाच लागले. मी म्हणालो, रॉकेलचा काही संबंध नव्हता. त्यावर सगळेच हसले, त्यांना वाटलं ही नवी सुरुवात आहे. मी पुढे बोलत गेलो. हसणं एकदम नाही थांबलं, एकेक माणूस करून थांबलं. तुझा एक मामा, कानाने कमी ऐकतो तो, शेवटपर्यंत हसत होता. त्याच्या हातावर कुणीतरी हात ठेवला. वहिनी या वेळी आत गेल्या नाहीत. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. तुझ्या दोन्ही पोरी त्यांच्या दोन बाजूंना होत्या.

माझं सांगून संपलं. मग पास्कल म्हणाला, "सर, तो होता तेव्हा का नाही सांगितलंत?"

माझ्याकडे कधी उत्तर नाही असं झालंय का? इथेही चार-पाच होती. तुला दुखवायचं नव्हतं, वेळ निघून गेली होती, असली. पण खरं कारण एकच होतं, आणि ते मी तिथे बोललो. मला रविवारी इथे यायचं होतं. सांगितलं असतं तर येता आलं नसतं.

पास्कलने मान हलवली, होकार की नकार ते कळलं नाही. माणसं उठली. तो खुर्च्या एकात एक रचायला लागला. दर वेळी हे काम आपण तिघं करायचो, म्हणून मीही एक उचलली. तो माझ्याजवळ आला आणि हलकेच, अजिबात न रागावता, त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे, सर. आम्ही घरची माणसं आहोत, आम्ही करतो."